मोडक्या भाकरीचे वाटेकरी

(दृश्य: पहाटेचा अंधार. पत्र्याच्या खोलीत एक पिवळा दिवा. आधी नुसता आवाज: थप, थप, थप.)

सोलापूरच्या पूर्व भागात पहाटे दोन आवाज असायचे. एक मागांचा खडखडाट. तो आता पूर्वीसारखा राहिला नाही. दुसरा हा, भाकरी थापल्याचा. हा मात्र वाढलाय.

मावशी साडेचारला परात पुढ्यात ओढतात. पीठ ज्वारीचं, मालदांडी वाणाचं. "मंगळवेढ्याची हाय," असं सांगताना त्यांचा आवाज जरा चढतो. तिथल्या काळ्या रानातल्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पिठात कढत पाणी ओतलं. "चिकटा असतोय हिला. काठ फाटत नाही." त्यांच्या हाताला हे फार आधीच कळलं होतं.

(दृश्य: हात, अगदी जवळून. भाकरी गरगर फिरत मोठी होत जाते.)

रोजची भाकरी फुगली की काम झालं. कडक भाकरीचं काम तिथून सुरू होतं. आधीच पातळ थापायची, तव्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, भाजायची आणि मग मंद आचेच्या कडेला उभी करून ठेवायची. आतला ओलावा पार गेला की ती पापडासारखी वाजते. अशी भाकरी डब्यात महिनोन्‌महिने टिकते. सोलापूरचा माणूस ती पुण्या-मुंबईला घेऊन जातो आणि तिकडच्या लोकांना रश्शात चुरून कशी खायची ते शिकवतो.

पण कडक म्हणजे मोडणार. पॅकिंगच्या वेळी शंभरात सात-आठ तरी तडकतात.

"मोडकी कोण घेतंय ओ?" मावशी म्हणतात. अख्खी ती विकायची, मोडकी ती या डब्यात.

(दृश्य: पत्र्याचा जुना डबा. दाराबाहेर तीन कुत्री, एकाच रांगेत.)

मावशींचं माहेर अक्कलकोटच्या बाजूचं, घरात कानडी. त्या हाक मारतात, "बा, बा." शेजारच्या घरातून तेलुगूत "रा, रा" येतं. मी मराठीत "ये" म्हणते. तिन्ही कुत्री तिघींकडेही बघतात, पण जातात डब्याकडे.

हा माहितीपट या डब्याचा आहे. आणि माझ्या एका चुकीचाही.

(दृश्य: घरातला फोटो. तांबूस रंगाचं कुत्रं, एक कान उभा, एक पडलेला.)

हा शेंग्या. भाजलेल्या शेंगेच्या रंगाचा म्हणून शेंग्या. वजन दहा किलो. गेल्या आखाडात आमच्याकडे काळं मटण झालं. रात्री पातेल्याच्या तळाशी घट्ट मसाला उरला होता. मी त्यात दोन भाकरी चुरल्या आणि पातेलंच त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते इतकं चाटलं की घासायची गरज उरली नाही. आम्ही सगळे हसलो. मी व्हिडिओही काढला. तो अजून फोनमध्ये आहे, इथे मात्र दाखवणार नाही.

पहाटे तो ओकला. दुसऱ्या दिवशी बरा वाटला, तेव्हा आम्ही निर्धास्त झालो. तिसऱ्या दिवशी जिना चढेना. डॉक्टरांनी त्याचा ओठ वर केला. हिरड्या गुलाबी असतात, त्या पांढुरक्या पडल्या होत्या. लघवी काळ्या चहासारखी. डॉक्टरांनी एकच विचारलं, "कांदा किती होता?"

कांदा किती होता! आपल्याकडे वाटण म्हणजेच कांदा-खोबरं. तो कोणी मोजतं का?

कांद्यात आणि लसणात गंधकाची संयुगं असतात. माणसाला ती पचतात. कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यांनी फुटायला लागतात. शिजवून, भाजून, वाळवून त्यांचा जोर जात नाही. किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांदा पोटात गेला तर रक्तावर परिणाम दिसू शकतो, म्हणजे शेंग्यासाठी दीडशे ग्रॅमपासून पुढे. दीड-दोन मध्यम कांदे. आणि त्रास लगेच दिसतोच असं नाही, दोन-चार दिवसांनीही दिसतो. तोवर आपण पातेलं विसरलेलो असतो.

शेंग्या वाचला. सलाईन, औषधं, तीन आठवडे. पण त्या तीन आठवड्यांत मी आमचा मसाल्याचा डबा निराळ्या नजरेने बघायला लागले.

(दृश्य: स्वयंपाकघराचा ओटा. डबे एकेक करून उघडतात.)

शेंगाचटणी. सोलापूरची शान. भाजलेल्या शेंगा, लसूण, तिखट, मीठ, जिरं, तेल सुटेपर्यंत कांडलेलं. यातली नुसती भाजलेली शेंग कुत्र्याला चार दाणे चालते. चटणी चालत नाही, कारण लसूण आणि मीठ. शेंग बुरशी लागलेली असेल तर तीसुद्धा चालत नाही. त्या बुरशीचं विष कुत्र्याचं यकृत खलास करतं. खवट दाणे 'कुत्र्याला टाक' म्हणायची आपली सवय आहे. ती सोडायची.

मनुके आणि बेदाणे. पंढरपूरच्या बाजूला बेदाण्याची शेडच्या शेड भरलेली असतात, आणि प्रसादाच्या शिऱ्यात तर ते हवेतच. कुत्र्याची किडनी त्याने बंद पडू शकते. किती खाल्ल्यावर, ते प्रत्येक कुत्र्यागणिक वेगळं, म्हणून एकही नको. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल याला कारण असावं, असं आता मानतात. तेच आम्ल चिंचेत असतं. म्हणजे आमटीही गेली.

चॉकलेट नको, हे आता शाळकरी पोरांनाही माहीत आहे. शुगर-फ्री च्युइंगममध्ये साखरेऐवजी घालतात ते झायलिटॉल मात्र पुष्कळांना माहीत नसतं, आणि ते चॉकलेटपेक्षा वाईट. शिजवलेलं हाड नको, ते चिरफळ्या होऊन आतड्यात रुततं.

मग उरलं काय? आपण ज्याला चव म्हणतो ते सगळं काढून टाकल्यावर खाली जे उरतं, ते. कुत्र्याच्या जिभेवर साधारण 1,700 स्वादकलिका, आपल्या जिभेवर 9,000 च्या आसपास. त्याचं जेवण नाकात असतं. आपल्याला जे आळणी, मिळमिळीत, ते त्याच्यासाठी उकडलेल्या कोंबडीच्या वासाने घमघमत असतं.

(दृश्य: पुन्हा मावशींचा डबा. भाकरीचे तुकडे पाटीवर ओतले जातात.)

कोणी म्हणेल, कुत्रं मांसाहारी, त्याला भाकरी कशाला? स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी 2013 साली लांडग्याची आणि कुत्र्याची जनुकं ताडून पाहिली. पिठूळ अन्न पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती, कुत्र्यात चार ते तीस. माणसाच्या चुलीशेजारी हजारो वर्षं बसून कुत्रं भाकरी पचवायला शिकलं.

आणि बाजारातलं बिस्कीट तरी कुठून आलं? 1860 च्या आसपास जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन माणूस कामाधंद्याला लंडनला आला होता. बोटीवरचे खलाशी उरलेली कडक बिस्किटं गोदीतल्या कुत्र्यांना टाकतात, हे पाहून त्याला कल्पना सुचली असं सांगतात. गहू, भाज्या, बीट आणि मांस घालून त्याने कुत्र्यांची बिस्किटं काढली. खलाशांची ती बिस्किटं म्हणजे मैद्या-पाण्याची वाळवून कडक केलेली चपटी चकती, समुद्रावर महिनोन्‌महिने टिकणारी.

मावशींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग भाकरीच की ओ."

भाकरीच.

(दृश्य: मावशी आणि निवेदिका. पाटा, परात, कातणं, लहान पातेलं.)

आज मावशी मला शिकवणार नाहीत. आज मी त्यांना शिकवतेय, आणि त्या मला एकही गोष्ट धड करू देत नाहीत.

लाल भोपळ्याची फोड साल काढून उकडली. कोंबडीवाल्याकडून पाव किलो काळीज आणलं होतं, त्यातले दोनच तुकडे बिनमिठाच्या पाण्यात शिजवून कुस्करले. काळजात अ जीवनसत्त्व भरपूर असतं. ते रोज आणि भसाभस दिलं तर बाधतं, म्हणून दोनच. बाकीचं मावशींनी न विचारता रात्रीच्या कालवणाला बाजूला काढलं.

परातीत ज्वारीचं पीठ, एक अंडं, भोपळा, काळीज. मावशींचा हात सवयीने मिठाच्या डब्याकडे गेला.

"मावशी, मीठ नाही."

"चिमटीभर तरी?"

"चिमटीभर पण नाही."

"आजारी माणसाला पण आम्ही चिमटीभर घालतोय," असं पुटपुटत त्यांनी डबा सरकवला.

गोळा सैल झाला म्हणून त्यांनी मोडक्या भाकरीचा भुगा त्यात कालवला. ही अक्कल माझी नव्हे. भुग्याने ओल शोषली आणि पीठ हाताला चिकटेनासं झालं. ताटावर थापलं. दिवाळीच्या शंकरपाळ्याचं कातणं घेऊन चौकोन पाडले. तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजले, आणि मग कडक भाकरीसारखेच शेगडीच्या कडेला सुकत ठेवले. दीड तास. मधे एकदा मोडून बघायचं. आत मऊ लागलं तर अजून ठेवायचं, कारण सोलापूरच्या उन्हाळ्यात त्यात अंडं आणि काळीज आहे हे विसरून चालत नाही. सुकले तरी ते भाकरीसारखे फळीवर राहत नाहीत. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस, त्याहून जास्त हवेत तर फ्रीजरमध्ये.

(दृश्य: तव्यावरचे चौकोन. दारातून एक नाक आत येतं.)

आता हिशेब, कारण इथेच माया आडवी येते. दहा किलोच्या, नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण 600 कॅलरी लागतात. त्यातला दहावा हिस्सा खाऊसाठी, म्हणजे 60. एवढ्यात वीस ग्रॅमही ज्वारीचं पीठ बसत नाही. असे चार छोटे चौकोन, बस. घरात चार माणसं असतील आणि प्रत्येकाने 'मी एकच दिलं' म्हटलं, तर दिवसाचा कोटा दुपारीच संपतो.

खाऊ झाला. रोजचं जेवण घरचं द्यायचं तर गोष्ट अवघड होते, आणि इथे मला व्हिडिओवाल्यांवर थोडं रागवायचं आहे. कोंबडी-भात-गाजर, झालं जेवण, असं सांगणारे पुष्कळ आहेत. कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यांनी 2013 साली कुत्र्यांसाठीच्या 200 पाककृती तपासल्या. पुस्तकांतल्या, इंटरनेटवरच्या. 95 टक्क्यांत एखादा तरी आवश्यक घटक कमी निघाला. सगळ्यात सहज राहून जातं ते कॅल्शियम. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जवळजवळ नाहीच. मग शरीर ते हाडांतून ओढतं, आणि कुत्रं वरून गुबगुबीत दिसत असताना आतून पोकळ होत जातं.

त्यावरचा उपाय आपण रोज कचऱ्यात टाकतो. अंड्याचं टरफल उकळून, वाळवून, मिक्सरमध्ये टाल्कम पावडरसारखं बारीक करायचं. एका टरफलात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम. शेंग्याला दिवसाला त्याच्या निम्म्याहून कमी पुरतं. जास्त झालं म्हणजे चांगलं झालं असं नाही. मोठ्या जातीच्या पिल्लांना जास्तीचं कॅल्शियमही वाकडं जातं. आणि टरफलाने एक भोक बुजतं, सगळी नाही. म्हणून रोजचं ताट घरचं करायचं तर वजन, वय आणि आजार बघून डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं. आमच्या डॉक्टरांनी शेंग्याचा कागद फ्रीजवर लावायला सांगितला. तो तिथे आहे, दुधाच्या हिशेबाशेजारी.

(दृश्य: दुपार. रस्ता ओस. मावशी डबा घेऊन पाण्याच्या टाकीमागे जातात.)

गल्लीतल्या कुत्र्यांचं मावशींचं शास्त्र वेगळं. रोज एकच जागा, टाकीच्या मागे, शाळेच्या वाटेपासून लांब. भाकरीचा चुरा बिनमिठाच्या कोंबडीच्या पाण्यात भिजवलेला. शेजारी पाण्याची दगडी डोणी. खाऊन झालं की उरलेलं उचलायचं. भटक्या कुत्र्यांना घालण्याची जागा ठरवून घ्या, असं 2023 च्या केंद्राच्या नियमांतही आहे. मावशींनी ती त्याआधीच ठरवली होती, दोन शेजारणींशी भांडून.

मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या वर गेला की त्या चुरा नुसता पाण्यातच भिजवतात. या उन्हात शिजवलेलं मांस दोन तासही बाहेर ठेवायचं नाही. शेंग्याला मी तेव्हा बिनमिठाचं पातळ ताक बर्फाच्या साच्यात गोठवून देते, आणि बिया काढलेलं कलिंगड. तो ताकाचा खडा फरशीवर ढकलत घरभर हिंडतो आणि मागे पुसत मी.

(दृश्य: संध्याकाळ. मावशींच्या उंबऱ्यावर दोघी. समोर स्टीलच्या ताटात चौकोन.)

पंढरपूर इथून दीड-दोन तासांवर. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, 'देवा, कोरडी खाऊ नको' म्हणत. मावशींनी ती गोष्ट पुन्हा सांगितली. मी म्हटलं, "डॉक्टर म्हणतात, तूप जास्त नको. कुत्र्याच्या स्वादुपिंडाला झेपत नाही."

मावशी थोडा वेळ गप्प बसल्या.

"नामदेवाला कुठं डॉक्टर होता," त्या म्हणाल्या.

तीन कुत्र्यांना एकेक चौकोन मिळाला. काळ्याने जागेवर फोडला. लंगडीने तोंडात धरून टाकीमागे नेला. तिसऱ्याने हुंगला, खाली ठेवला, मावशींकडे पाहिलं आणि मग पंजाने तुळशीच्या कुंडीतली माती उकरायला घेतली.

"एऽऽ!"

तो पळाला. चौकोन तिथेच राहिला. मावशींनी ताटातला दुसरा एक उचलला, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला, आणि कडेचा तुकडा मोडून तोंडात टाकला. कडकड आवाज झाला.

"आळणी हाय," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ चावून, "पण भाजलीय बगा चांगली."

(दृश्य: कुंडीशेजारी पडलेला चौकोन. चौकटीत हळूच एक नाक येतं. अंधार.)