एका आकड्यात न मावणारी श्यानता

पाण्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा त्याचा अंतर्गत विरोध, किती, असे कोणी विचारले तर उत्तर देणे सोपे आहे: २० अंश सेल्सिअस तापमानाला सुमारे १ मिलिपास्कल-सेकंद. पाणी हळू ढवळा किंवा जोरात, रुंद नळीतून जाऊ द्या किंवा अरुंद नळीतून, प्रवाह संथ थरांचा असेपर्यंत हा आकडा बदलत नाही. रंग, चिखल, ओले सिमेंट किंवा रक्त यांच्याबद्दल मात्र हाच प्रश्न विचारला, तर उत्तर देण्याआधी आपल्याला उलट विचारावे लागते की तुम्ही ते किती वेगाने आणि कशातून वाहवणार आहात. आजच्या व्याख्यानाचा विषय हा उलटप्रश्न आहे.

द्रवात घन कण तरंगत असले म्हणजे त्या मिश्रणाला आपण निलंबन म्हणतो. कण न् कण वेगळा न मोजता सगळे मिश्रण जणू एकच द्रव आहे असे मानले आणि त्याच्या वाहण्याला होणारा विरोध मोजला, की जी संख्या मिळते ती परिणामी श्यानता. असे मानण्याचा अधिकार आपल्याला कधी असतो, हे पाहणे मला त्या संख्येपेक्षाही महत्त्वाचे वाटते.

या विषयातला पहिला पक्का निष्कर्ष आइन्स्टाइन यांचा. त्यांच्या १९०५ सालच्या आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात विरळ निलंबनाचे गणित आहे. थरावरून थर सरकतो तेव्हा द्रवाच्या प्रत्येक लहान भागाच्या बाबतीत दोन गोष्टी एकदम घडतात: तो स्वतःभोवती फिरतो, आणि एका दिशेने ताणला जाऊन तिच्या काटकोनातल्या दिशेने दाबला जातो. टणक गोळा फिरू शकतो, पण ताणला जाऊ शकत नाही. त्यामुळे त्याच्या वाट्याचे ताणले जाणे भोवतालच्या द्रवाला जास्तीचे सोसावे लागते, आणि तेवढी जास्तीची ऊर्जा खर्ची पडते. हिशेब असा निघतो की कणांनी एकूण आकारमानाचा जेवढा हिस्सा व्यापला असेल, त्याच्या अडीच पटीने श्यानता वाढते. म्हणजे १ टक्का कणांमागे अडीच टक्के. या सूत्रात गोळा किती मोठा आहे याला स्थानच नाही, हे मला आजही विलक्षण वाटते. कण मोठे व थोडे असोत की बारीक व पुष्कळ, त्यांनी व्यापलेली जागा तेवढी मोजायची.

हा अडीचचा आकडा मूळ प्रबंधात मात्र नव्हता. तिथे त्याच्या जागी १ होता. पॅरिसमध्ये भौतिकशास्त्रज्ञ पेरँ यांच्या प्रयोगशाळेत बाँसलँ यांनी मोजमाप केले, तेव्हा वाढ त्याहून बरीच जास्त आढळली. आइन्स्टाइन यांनी आपले सहकारी हॉप्फ यांना गणित तपासायला सांगितले, चूक सापडली, आणि १९११ साली दुरुस्ती प्रसिद्ध झाली. त्याच गणितावरून काढलेला ॲव्होगॅड्रो अंक, म्हणजे पदार्थाच्या एका ठरावीक प्रमाणात (एका मोलमध्ये) असलेल्या रेणूंची संख्या, या दुरुस्तीने सुमारे ६.५६ × १०²³ झाला, म्हणजे आजच्या ६.०२ × १०²³ या मूल्याच्या पुष्कळ जवळ आला. काही टक्क्यांचा फरक मोजणाऱ्या कष्टाळू प्रयोगाने रेणूंच्या मोजणीतली चूक उघड व्हावी, याचे मोल फार मोठे आहे.

कण दाट होऊ लागले की हे सूत्र अपुरे पडते, कारण प्रत्येक गोळ्याने ढवळलेला प्रवाह शेजारच्या गोळ्यापर्यंत पोहोचू लागतो. आकारमानाचा निम्मा हिस्सा कणांनी व्यापला, तर सूत्रानुसार श्यानता सव्वादोन पट व्हायला हवी. प्रत्यक्षात ती दहापटींच्या पुढे जाते. अस्ताव्यस्त रचलेले एकसारखे गोळे जास्तीत जास्त सुमारे ६४ टक्के जागा भरू शकतात, आणि त्या मर्यादेकडे जाताना श्यानता बेसुमार वाढत जाते. क्रीगर आणि डॉहर्टी यांनी १९५९ साली दिलेले सूत्र हीच मर्यादा गृहीत धरते, आणि उद्योगांत ते आजही वापरले जाते.

ही मर्यादा तरी स्थिर असावी, पण तीही नाही. मक्याचा स्टार्च पाण्यात दाट कालवला तर हळू ढवळताना तो वाहतो आणि ठोसा मारताच घट्ट होतो. हल्लीच्या संशोधनातून पुढे आलेले स्पष्टीकरण मला पटते: हलक्या दाबाखाली कणांमध्ये द्रवाचा पातळ थर टिकतो आणि ते एकमेकांवरून घसरतात; दाब वाढला की हा थर तुटतो, कण थेट टेकतात आणि घर्षण सुरू होते. घर्षण असलेले कण ६४ टक्क्यांच्या बऱ्याच आधी अडकून बसतात. म्हणजे मिश्रण तेच, प्रमाणही तेच. ते गच्च होण्याची मर्यादा मात्र ठोशाने खाली आणली.

रक्ताची रीत याच्या उलट आहे. संथ प्रवाहात तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि रक्त दाट होते. वेग वाढला की चळती मोडतात, पेशी लांबट होऊन प्रवाहाच्या दिशेला वळतात आणि रक्त पातळ वागते. शिवाय फोरेयस आणि लिंडक्विस्ट यांनी १९३१ साली दाखवले की सुमारे ०.३ मिलिमीटरपेक्षा अरुंद नळीत, नळी जसजशी अरुंद होते तसतशी रक्ताची परिणामी श्यानता कमी होते. पेशी मध्याकडे सरकतात आणि भिंतीलगत पेशीविरहित रक्तद्रवाचा थर उरतो. सर्वाधिक कर्तन, म्हणजे थरावरून थर सरकणे, तिथेच असल्यामुळे हा थर वंगणासारखा काम करतो. केशवाहिनीची रुंदी तर सुमारे ८ मायक्रोमीटर व्यासाच्या पेशीएवढी किंवा तिच्याहूनही कमी असते. तिथे पेशी वाकून, एकामागून एक पुढे सरकतात, आणि मिश्रणाला एकच द्रव मानण्याचा आपला अधिकार संपतो. हिशेब मांडायचा तो प्रत्येक पेशीचा आणि तिच्या कडेने सरकणाऱ्या रक्तद्रवाच्या पातळ पडद्याचा.