कुंपणापलीकडचा झोत

[दृश्य: रात्र. घरांच्या शेवटच्या रांगेमागील मोकळी हिरवळ, तिच्यापलीकडे झाडांची काळी रेघ. खिडक्यांतील दिवे एकेक करून मालवत जातात.]

रात्रीचे दोन वाजून गेले आहेत. वसाहतीच्या टोकाच्या रस्त्यावरून एक गाडी अगदी सावकाश येते. तिचे पुढचे दिवे बंद आहेत. काच खाली होते, खिडकीतून एक प्रखर झोत बाहेर पडतो, घरांच्या मागील गवतावरून फिरत जातो आणि एका जागी थांबतो. तेथे कमरेइतक्या उंचीवर दोन हिरवट ठिपके लकाकतात.

दूर कोठेतरी फटाका वाजावा तसा आवाज होतो. जवळच्या घरात कोणाला तरी जाग येते. एखाद्या जुन्या गाडीचा आवाज असावा असे समजून ती व्यक्ती कूस बदलते आणि पुन्हा झोपी जाते. सकाळी दवाने भिजलेल्या गवतावर काहीतरी ओढत नेल्याचा पट्टा दिसतो आणि कुंपणाच्या तारेला थोडे भुरे केस अडकलेले असतात.

[दृश्य: हरणाच्या डोळ्याचे निकट चित्रण.]

झोत पडल्यावर हरीण पळून का जात नाही, याचे एक उत्तर त्याच्या डोळ्यात आहे. हरणाच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परावर्तित करणारा एक थर असतो. शास्त्रज्ञ त्याला टॅपेटम ल्युसिडम म्हणतात. दृष्टिपटलातून पार झालेला अंधुक प्रकाश या थरावर आदळून परत फिरतो आणि डोळ्याला तोच प्रकाश दुसऱ्यांदा वापरता येतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला चरणाऱ्या प्राण्याला याचा मोठा उपयोग होतो. रात्री त्याची बाहुलीही पूर्ण विस्फारलेली असते. अशा डोळ्यावर एकाएकी झोत पडला की त्यापलीकडचे काहीच दिसेनासे होते, धोका कोणत्या बाजूला आहे हे कळत नाही आणि प्राणी जागच्या जागी थिजतो. चोरट्या शिकाऱ्याला एवढे काही क्षण पुरेसे असतात.

परंतु डोळ्याने अर्धेच उत्तर मिळते. दाट जंगलातील हरीण गाडीचा आवाज किंवा माणसाचा वास आल्याबरोबर, झोत पडण्याच्या कितीतरी आधी, झाडीत नाहीसे झाले असते. वसाहतीशेजारी वाढलेल्या हरणाने मात्र दार आपटल्याचा, कुत्रा भुंकल्याचा, गाडी सुरू झाल्याचा आवाज हजारदा ऐकलेला असतो आणि त्यातून कधी काही वाईट घडलेले नसते. माणूस जवळ असणे म्हणजे धोका नव्हे, हे त्याला घरांनीच शिकवलेले आहे.

घरांजवळ येण्यास त्याच्यापाशी सबळ कारणेही आहेत. हरणांच्या बहुतेक जातींना झाडी आणि मोकळे गवत यांची सीमा आवडते, कारण तेथे चारा आणि आडोसा दोन्ही हाताशी असतात. वसाहतीचा काठ ही अशीच सीमा असते, आणि त्यात खत घातलेले गवत, नियमित पाणी मिळणारी झुडपे व झाडाखाली पडलेली फळे यांची भर पडते. शिवाय मोठे हिंस्र प्राणी माणसाला टाळतात. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ जोएल बर्जर यांनी यलोस्टोन परिसरातील मूस या हरीणकुळातील मोठ्या प्राण्याचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. अस्वलांचा वावर वाढल्यानंतर तेथील माद्या विण्यासाठी रस्त्यांच्या अधिकाधिक जवळ येऊ लागल्या होत्या. पिल्ले खाणारी अस्वले रस्त्यांपासून दूर राहत, म्हणून माद्यांनी माणसाच्या वर्दळीचीच ढाल केली.

याच ढालीला कायद्याने आणखी एक थर दिला आहे. रहिवाशाची परवानगी नसताना राहत्या घरापासून ठराविक अंतरात बंदुकीने शिकार करण्यास अनेक ठिकाणी मनाई असते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात हे अंतर १५० यार्ड, म्हणजे सुमारे १३७ मीटर आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये ते ५०० फूट, म्हणजे सुमारे १५२ मीटर आहे. नियम माणसांच्या रक्षणासाठी आहे आणि तो योग्यच आहे. मात्र त्याचा एक परिणाम असा होतो की, परवानाधारक शिकारी या पट्ट्यात येत नाहीत, हरणे तेथे निर्धास्त होतात आणि जो कोणताच नियम मानत नाही, त्याला मोकळे रान मिळते.

[दृश्य: सपाट, कमी उंचीचे बेट. घरांच्या आवारात फिरणारी बुटकी हरणे.]

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाकडील बेटांवर ही गोष्ट सर्वांत स्पष्ट दिसते. तेथील 'की डियर' ही हरणाची उपजात खांद्यापाशी जेमतेम पाऊण मीटर उंच असते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बेसुमार शिकारीमुळे त्यांची संख्या काही डझनांवर आली होती. १९५७ साली त्यांच्यासाठी राखीव क्षेत्र स्थापन झाले, १९६७ साली त्यांना संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत स्थान मिळाले आणि हळूहळू त्यांची संख्या वाढली. आज बिग पाइन की या बेटावर ती घरांच्या आवारांतून, वाहनतळांवरून, रस्त्यांच्या कडेने फिरतात. बेटावर माणसे राहतात आणि हरणेही राहतात. दोघांमध्ये कुंपण असलेच तर नावापुरते.

या हरणांना खाऊ घालणे बेकायदेशीर आहे. अनेक पर्यटकांना हा नियम विनाकारण कठोर वाटतो. परंतु २०१७ साली तेथे दोन माणसांनी नेमका खाऊच दाखवून हरणे जवळ बोलावली, त्यांचे पाय बांधले आणि त्यांना गाडीत कोंबले. पोलिसांनी ती गाडी अडवली तेव्हा एक नर मागील डिकीत होता. त्यांना ना बंदूक लागली, ना झोत. दोघांनाही शिक्षा झाली. पण ते प्राणी हाताला लागले, कारण त्यांच्या आधी कितीतरी भल्या माणसांनी त्यांना हाताची सवय लावून ठेवली होती.

भारतातील वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याने 'शिकार' या शब्दाची व्याख्याच अशी व्यापक केली आहे की, ठार मारण्याबरोबर पकडणे, फासे लावणे, हाकारा करणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हेही शिकारच ठरते. मराठीत आपण हरीण हा शब्द सैलपणे वापरतो, तेही येथे सांगितले पाहिजे. चितळ, सांबर आणि भेकर ही खरी हरणे. त्यांच्या नरांची शिंगे भरीव असतात, गळून पडतात आणि पुन्हा उगवतात. काळवीट आणि चिंकारा हे कुरंग. त्यांची शिंगे पोकळ असतात आणि आयुष्यभर टिकतात. या दोन्ही गटांना कायद्याचे संरक्षण आहे.

[दृश्य: हिरवळीच्या मधोमध उभा कॅमेरा. तो हळूहळू फिरतो आणि झाडांकडे असलेली त्याची नजर घराच्या भिंतीकडे वळते.]

आता या हिरवळीकडे गाडीच्या खिडकीतून पाहा. झोतात हरीण उजळते, परंतु त्याच्या मागे काय आहे ते अंधारातच राहते. प्रशिक्षित शिकारी किंवा वनखात्याचा नेमबाज चाप ओढण्यापूर्वी हरणामागे मातीचा बांध किंवा टेकडीचा उतार आहे याची खात्री करून घेतो. शक्य असेल तेथे तो उंच मचाणावर बसतो, जेणेकरून चुकलेली किंवा आरपार गेलेली गोळी जमिनीत रुतावी. गाडीत बसलेल्या माणसाची गोळी मात्र जवळजवळ जमिनीला समांतर जाते. पॉइंट टू-टू ही लहान समजली जाणारी गोळीसुद्धा दीड मैल, म्हणजे सुमारे २.४ किलोमीटर जाऊ शकते, असा इशारा काडतुसांच्या खोक्यांवर छापलेला असतो. मोठ्या हरणांसाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक रायफलींच्या गोळ्या चार किलोमीटरहून अधिक अंतर कापू शकतात. वसाहतीच्या मापात बोलायचे तर एवढ्या अंतरात शेकडो खिडक्या येतात.

ही भीती केवळ तर्काची नाही. १९८८ साली अमेरिकेतील मेन राज्यात एक स्त्री आपल्या घरामागे उभी असताना हरणाच्या शिकाऱ्याच्या गोळीने मरण पावली. तिचे पांढरे हातमोजे त्याला हरणाच्या शेपटीसारखे भासले होते. तो शिकार हंगामातला दिवस होता, उजेड होता आणि तरीही हे घडले. पुढे खटल्यात शिकारी निर्दोष सुटला. राज्याने मात्र गोळी झाडण्यापूर्वी लक्ष्याची नीट ओळख पटवून घेण्याची सक्ती करणारा कायदा केला. दिवसाउजेडी एवढी चूक होत असेल, तर रात्री, घाईत, पकडले जाण्याच्या धास्तीने झाडलेल्या गोळीविषयी वेगळे काही सांगायला नको.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९१ च्या डियर ॲक्टनुसार सूर्यास्तानंतरच्या एका तासापासून सूर्योदयापूर्वीच्या एका तासापर्यंत हरणाची शिकार करण्यास मनाई आहे. जमीनमालकाच्या संमतीवाचून हरणाच्या मागावर जमिनीत शिरणे हाही त्याच कायद्याने गुन्हा ठरतो. हरणावर बाण चालवण्यासही तेथे बंदी आहे.

बाणाचा उल्लेख मुद्दाम केला. घरांजवळ शिकार करणाऱ्याची मोठी अडचण आवाज ही असते. त्यावर तो सायलेन्सर वापरतो, ध्वनीपेक्षा कमी वेगाची गोळी वापरतो, शिकारी कुत्रे सोडतो किंवा क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखा चाप असलेले धनुष्य, उचलतो. उष्णतेवरून प्राणी दाखवणारी थर्मल दुर्बीण हाती असेल, तर झोताचीही गरज राहत नाही. क्रॉसबोचा बाण काळजात किंवा फुप्फुसात बसला तरी हरीण काही अंतर धावते. पोटात बसला तर ते कित्येक तास, कधी दिवसभरही, बाण अंगात घेऊन फिरते. शिकारी अंधारात त्याचा माग काढत परक्यांच्या अंगणांतून हिंडू शकत नाही. तो निघून जातो, आणि रक्ताचा माग लहान मुलांच्या झोपाळ्यापाशी किंवा वाहनांच्या छपराखाली संपतो. मादी मारली गेली असेल, तर तिने गवतात लपवलेले पाडस ती परत येईल म्हणून निपचित पडून राहते. पिल्ले आईवर अवलंबून असताना माद्यांना मारता येऊ नये, यासाठीच अनेक देशांत बंद हंगाम ठरवलेला असतो. इंग्लंडमध्ये बहुतेक जातींच्या माद्यांसाठी तो १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर असा आहे.

[दृश्य: सकाळ. कुरतडलेली झुडपे. रस्त्यावर हरणाच्या चित्राची सूचना-पाटी.]

एवढे सगळे घडत असताना शेजारी गप्प का राहतात? काहींना खरोखरच काही ऐकू येत नाही. घरांच्या भिंतींवरून आवाज परावर्तित होतो आणि तो कोठून आला हे सांगणे अवघड होते. काहींना संबंधित माणूस ओळखीचा असल्याची शंका असते. आणि काहींना मनातून बरे वाटते. ही शेवटची बाब कोणी उघडपणे बोलत नाही, पण ती टाळून हा विषय पुरा होणार नाही. हरणांनी ज्याची बाग तीनदा फस्त केली आहे, ज्याच्या गाडीसमोर रात्री हरीण आले आहे, ज्याच्या मुलाच्या अंगावर गोचीड सापडली आहे, त्याला एक हरीण कमी झाल्याचे दुःख होईलच असे नाही. त्याची तक्रार खोटीही नसते. हरणांची संख्या खरोखर वाढलेली असते तेथे ती कमी करावी लागते, आणि अनेक नगरे ते काम रीतसर करतात: आधी सूचना दिली जाते, नेमबाज निवडले जातात, गोळी कोणत्या दिशेने जाईल हे पाहून जागा ठरते, किती नर व किती माद्या मारल्या याची नोंद ठेवली जाते. चोरटा शिकारी यांतले काहीच करत नाही. त्याला शिंगे हवी असतील, तर तो सर्वांत मोठा नर निवडतो, डोके कापून नेतो आणि धड तसेच टाकून देतो. बागेचा त्रास त्याने कमी होत नाही. अंगणात हत्यार घेऊन फिरणारा एक अनोळखी माणूस तेवढा वाढतो.

अशा वेळी बाहेर पडून त्याला हटकणे धोक्याचे आहे, कारण तो सशस्त्र असतो. वेळ, आवाजांची संख्या, गाडीचा रंग व क्रमांक आणि ती कोणत्या दिशेने गेली, एवढे टिपून तत्काळ पोलिसांना किंवा वनखात्याला कळवले, तर तपासाला खरा आधार मिळतो. सापडलेले अवशेष हलवू नयेत. मागे टाकलेली आतडी आणि कोणाच्या शीतपेटीतील मांस एकाच प्राण्याचे आहे, हे डीएनए चाचणीतून दाखवता येते. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात अ‍ॅशलँड येथे तर खास वन्यजीव गुन्ह्यांसाठीच न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे.

[दृश्य: रस्त्याकडेला उभे हरीण. ते मान वळवते, शेपटी हलवते. कॅमेरा जवळ गेल्यावर ते कृत्रिम असल्याचे लक्षात येते.]

हे हरीण खरे नाही. कातड्याच्या आत यंत्र बसवलेले आहे आणि झाडीत लपलेला अधिकारी दूरनियंत्रकाने त्याची मान फिरवतो. अमेरिकेतील अनेक राज्यांत वन्यजीव अधिकारी अशी हरणे रस्त्याच्या कडेला उभी करतात. गाडी थांबते, झोत पडतो, गोळी सुटते आणि अधिकारी बाहेर येतात. त्याच्या कातड्यावर जुन्या गोळ्यांची छिद्रे बुजवल्याच्या खुणा आहेत. ते दुरुस्त करून पुन्हा उभे करतात, आणि पुन्हा कोणीतरी थांबते.

[दृश्य: तिन्हीसांज. पहिलीच हिरवळ. झाडांच्या कडेला एक मादी, तिच्यामागे पाडस.]

शेवटच्या घरातील बाई मागील पायरीवर येतात. पूर्वी त्यांच्या हातात फळांच्या फोडी असत. आज त्या दोन्ही हातांनी जोरात टाळ्या वाजवतात. मादी मान वर करून त्यांच्याकडे पाहते. बाई आणखी एकदा टाळ्या वाजवतात. मादी दोन पावले मागे सरकते आणि वाट पाहत उभी राहते.