डोळा कुठे असतो? बॉक्सवूड आणि डे-लिली

नमस्कार मंडळी.

आज दोनच झाडांबद्दल बोलायचं आहे. एक बॉक्सवूड, शास्त्रीय नाव बक्सस सेम्परव्हिरेन्स. कातरून घडवलेल्या सदाहरित कुंपणासाठी नावाजलेलं झुडूप. दुसरी डे-लिली, म्हणजे हेमेरोकॅलिस. हिची कळी खाता येते, फूल खाता येतं, आणि एक फूल एका दिवसापेक्षा जास्त टिकत नाही. रोपवाटिकेत ही दोन्ही शेजारी शेजारी मांडलेली असतात. घेणारा उंची बघतो, रंग बघतो, ऊन किती लागेल ते विचारतो आणि एक उचलतो. माझं म्हणणं असं आहे की या दोघांमधला खरा फरक यातल्या कशातच नाही. पुढच्या हंगामाचा डोळा, म्हणजे जिथून नवी फूट येते तो सुप्त कोंब, झाड कुठे ठेवतं, यात तो आहे. ती एक गोष्ट ध्यानात आली की छाटणी, रोग, खाण्यायोग्यता, सगळ्याचा उलगडा आपोआप होत जातो.

हा विचार माझा नव्हे. डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ क्रिस्टन राउंकियर यांनी 20व्या शतकाच्या सुरुवातीला वनस्पतींची एक वेगळीच विभागणी मांडली. फुलांची रचना, कुळ, नातीगोती हे सगळं त्यांनी बाजूला ठेवलं आणि एकच प्रश्न विचारला: कडक थंडी किंवा दुष्काळ निभावून नेणारे डोळे जमिनीपासून किती उंचीवर आहेत? उंच हवेत आहेत, मातीलगत आहेत, की मातीच्या आत आहेत? मला ही विभागणी फार आवडते, कारण झाडाचा जीव कुठे आहे हेच ती थेट विचारते.

बॉक्सवूडचे डोळे हवेत असतात, फांद्यांवर, उघड्यावर. याचा लाभ असा की नवा हंगाम आला की झाडाला पुन्हा जमिनीपासून सुरुवात करावी लागत नाही. गेल्या वर्षी जिथे थांबलं तिथूनच ते पुढे वाढतं. वर्षाकाठी थोडंथोडकंच, पण वाढलेलं सगळं जमा राहतं. या संथ वाढीमुळेच त्याचं लाकूड इतकं दाट आणि बारीक पोताचं होतं की ताजं, ओलं लाकूड पाण्यात बुडतं. 18व्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये थॉमस ब्यूइक यांनी पुस्तकांतली पक्षी-प्राण्यांची चित्रं याच लाकडाच्या आडव्या छेदावर कोरली. मऊ लाकडावर पिसाची एक-एक रेघ उमटली नसती, आणि उमटली असती तरी छापखान्याच्या दाबाखाली टिकली नसती.

आता पानाकडे या. सदाहरित म्हणजे पान गळतच नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. पान गळतं. फक्त ते एका हंगामात न गळता काही वर्षं फांदीवर राहतं, आणि जुनं गळेपर्यंत नवं आलेलं असतं, म्हणून झुडूप कधी उघडं पडलेलं दिसत नाही. जे पान इतका काळ काम करणार, ते मुळात मजबूत बांधावं लागतं. बॉक्सवूडचं पान जाड आहे, चिवट आहे, वर मेणाचा थर आहे. आणि आत अल्कलॉइडं आहेत, कडू आणि विषारी. हरणं या झुडपाला सहसा तोंड लावत नाहीत. गुरांनी खाल्लं तर त्यांना बाधतं. हे विष म्हणजे दीर्घायुषी पानाची राखण आहे. जी वस्तू अनेक वर्षं उघड्यावर ठेवायची, तिला पहारा हवाच.

माणसाने या झुडपाचा उपयोग दोन हजार वर्षांपूर्वीच ओळखला होता. रोमन लेखक धाकटे प्लिनी यांनी आपल्या टस्कनीतल्या घराचं वर्णन एका पत्रात केलं आहे. तिथे बॉक्सवूड कातरून प्राण्यांचे आकार केले होते, अक्षरं केली होती, आणि त्या अक्षरांतून कुठे मालकाचं तर कुठे माळ्याचं नाव वाचता येत होतं. माळ्याचं नावसुद्धा! मला त्या पत्रातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. कातरलेलं झुडूप हे जितकं झाडाचं, तितकंच ते कातरणाऱ्या हाताचं असतं, आणि हात थांबला की तो आकार हळूहळू विरून जातो.

डे-लिलीचा हिशेब नेमका उलटा आहे. तिचे डोळे मातीलगत, गड्ड्याच्या माथ्यावर असतात आणि खाली जाडसर, फुगीर मुळं. तिचं सगळं भांडवल तळघरात आहे. पान लांब, मऊ, स्वस्तात बनवलेलं. पुष्कळ जातींचं पान थंडीत सुकून जातं, काहींचं हिरवं राहतं, पण कोणत्याही पानावर वर्षानुवर्षांची भिस्त नसते. बॉक्सवूड टाळणारी हरणं डे-लिलीच्या कळ्या मात्र आवडीने खातात. खाऊ देत, असंच जणू त्या झाडाचं धोरण आहे, कारण खालून पुन्हा फुटायची तयारी झालेली असते.

फुलाचंही तसंच. सकाळी उमललं, रात्रीपर्यंत मिटलं. हेमेरोकॅलिस सिट्रिना नावाची पिवळी जात मात्र संध्याकाळी उमलते, रात्रभर सुवास देते आणि दुसऱ्या दिवशी मिटते. पण एकेका दांड्यावर अनेक कळ्या असतात आणि त्या पाळीपाळीने उमलतात, म्हणून ठोंब चांगला भरलेला असेल तर बहर तीन-चार आठवडे चालतो. एका दिवसाच्या फुलाला जाड पाकळी कशाला हवी आणि साठवलेलं विष तरी कशाला? पाकळी पातळ, रसदार, किंचित गोडसर. पूर्व आशियात या कळ्या शतकानुशतकं खाल्ल्या जातात. सिट्रिनाच्या लांबट कळ्या उमलण्याच्या आधी खुडतात, वाफवतात आणि वाळवून ठेवतात.

इथे मला एक कुंपण घालायचं आहे, आणि ते बॉक्सवूडपेक्षा मजबूत असायला हवं. फूल अल्पायुषी म्हणजे खाण्याजोगं, असा नियम नाही. डे-लिलीच्या नावात लिली असली तरी ती खऱ्या लिलीच्या कुळातली नाही. आजचं वर्गीकरण तिला कोरफडीच्या नात्यात, अ‍ॅस्फोडेलेसी कुळात ठेवतं. शोभेच्या लिलीचं फूल डे-लिली समजून तोंडात घालू नका. ओळखायचं कसं? खऱ्या लिलीला एकच उभं खोड असतं आणि पानं त्या खोडावर खालपासून वरपर्यंत लागलेली असतात. डे-लिलीची पानं जमिनीतूनच पंख्यासारखी निघतात आणि फुलाचा दांडा जवळपास उघडा असतो. ही खूण पटली नाही तर खाऊ नका. ओळख पटली तरी पहिल्यांदा थोडंच आणि शिजवून खा. ताज्या कच्च्या कळ्या भरपूर खाल्ल्या तर काहींना मळमळ होते, पोट बिघडतं. आणि घरात मांजर असेल तर खरी लिली आणि डे-लिली दोन्ही तिच्यासाठी घातक आहेत. मूत्रपिंड निकामी होतात. हे मी ठासून सांगतो आहे, कारण माणसाला चालतं ते मांजरालाही चालेल असं सहज गृहीत धरलं जातं.

आता रोगकिडीकडे येऊ. डोळ्याची जागा इथे सर्वांत स्पष्टपणे बोलते.

पूर्व आशियातला एक पतंग आहे, सिडॅलिमा पर्स्पेक्टॅलिस. त्याच्या अळ्या बॉक्सवूडचं पान खातात. ज्या विषाने हरणं दूर राहतात ते या अळ्यांना बाधत नाही. उलट त्यातली काही अल्कलॉइडं त्या स्वतःच्या अंगात साठवतात. 2007 मध्ये हा पतंग जर्मनीत आढळला आणि पुढच्या काही वर्षांत युरोपभर पसरला. सर्वांत वाईट हकीकत रशियातल्या सोची शहराची आहे. 2014च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी शहर सजवायला 2012 मध्ये इटलीहून बॉक्सवूडची रोपं आणली गेली आणि त्यांच्याबरोबर पतंगही आला. जवळच पश्चिम कॉकेशसच्या डोंगरांत बॉक्सवूडची नैसर्गिक वनं होती, शतकांच्या संथ वाढीने उभी राहिलेली. काही वर्षांतच ती वाळून उभी राहिली. अळ्यांनी आधी पानं संपवली, मग साल कुरतडली. ज्यांचे डोळे फांदीवर असतात, त्यांचं पान आणि साल दोन्ही गेल्यावर उरतं फारच थोडं. शोभेच्या रोपांच्या एका खेपेमुळे एवढं वन जावं, याचं मला आजही दुःख होतं. रोपं देशोदेशी हलवताना आपण काय काय बरोबर नेतो, याचा विचार कुठलंही कुंपण लावण्याआधी झाला पाहिजे.

दुसरा शत्रू करपा. ही एक बुरशी आहे. 1990च्या दशकाच्या मध्याला ती इंग्लंडमध्ये प्रथम लक्षात आली. पानांवर तपकिरी ठिपके, फांद्यांवर काळ्या रेघा, आणि मग झपाट्याने पानगळ. तिचे बीजाणू चिकट असतात. पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर आणि कातरीच्या पात्यावरून ते पुढच्या झुडपावर जातात, आणि गळलेल्या पानांत बुरशी काही वर्षं तग धरते. म्हणून छाटणी कोरड्या दिवशी करायची, पाती पुसून घ्यायची, खाली पडलेला पाचोळा उचलून टाकायचा आणि पाणी मुळाशी द्यायचं, पानांवर नाही.

डे-लिलीलाही रोग आहेत. तिचा तांबेरा 2000 मध्ये अमेरिकेत आढळला आणि वेगाने पसरला. पानं पिवळी-नारिंगी भुकटी लागल्यासारखी होतात आणि बाग पार केविलवाणी दिसते. पण तांबेऱ्याने ठोंब सहसा मरत नाही. पानं जमिनीलगत कापून टाका, नवी येतात. बॉक्सवूडलाही जुन्या खोडावरून धुमारे फुटतात, हा त्याचा मोठा गुण. पण पूर्वीचा आकार यायला वर्षं लागतात, आणि कुंपणाच्या मधोमध पडलेलं भोक तोवर रोज दिसत राहतं.

छाटणीबद्दल थोडं. कुंपण वारंवार वरवर कातरत राहिलं की बाहेर पानांचं दाट कवच तयार होतं. आत उजेड जात नाही, फांद्या उघड्या पडतात आणि ओल कोंडते. करप्याला हेच हवं असतं. म्हणून अधूनमधून सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या हातकात्रीने, काही कोंब आतपर्यंत जाऊन काढा. हंगामाच्या अखेरीस छाटू नका, कोवळी फूट थंडीत सापडते. डे-लिलीला कातर जवळजवळ लागतच नाही. तीन ते पाच वर्षांनी ठोंब दाटला आणि फुलं कमी झाली की खणून पंखे वेगळे करून लावायचे, एवढंच. मात्र हेमेरोकॅलिस फुल्व्हा, ती तपकिरी-नारिंगी जुनी जात, सांभाळून लावा. न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानातले अ‍ॅर्लो बर्डेट स्टाउट यांनी तिच्या वांझपणाचा पुष्कळ अभ्यास केला. तिच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असल्यामुळे सहसा बी धरत नाही. तरीही युरोप-अमेरिकेत ती रस्त्याकडेला दूरवर पसरली आहे, सगळी जमिनीखालच्या धुमाऱ्यांतून. तळघर ज्याचं मोठं, त्याला बी नसलं तरी चालतं.

काहींना दोन्ही हवी असतात, मागे हिरवं कुंपण आणि पुढे फुलांची ओळ. दिसायला ही जोडी उत्तम आहे. पण बॉक्सवूडची मुळं उथळ असतात, त्यामुळे डे-लिली खेटून लावू नका. पुढे ठोंब खणताना ती मुळं तुटतील. आणि याहून मोठी अडचण फवारणीची आहे. अळी आली की कुंपणावर कीटकनाशक मारलं जातं, आणि शेजारच्या ज्या कळ्या तुम्ही उद्या खुडणार त्यांच्यावर ते उडतं. फुलं खायची असतील तर अळ्या हाताने वेचा, किंवा बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जीवाणूचं सुरवंटांसाठी बनवलेलं जैविक औषध वापरा. रोपवाटिकेतून फुलांसकट आणलेली डे-लिली पहिल्या हंगामात खाऊ नका, तिच्यावर आधी काय मारलं होतं ते तुम्हाला माहीत नसतं. आणि तुमच्या भागात पतंग व करपा दोन्ही पोचले असतील, तर मी कुंपणाला बॉक्सवूड सुचवणार नाही. बारीक पानांची जपानी हॉली, आयलेक्स क्रेनाटा, बरीच तशीच दिसते, कातर सोसते आणि या दोघांच्याही तावडीत सहसा सापडत नाही.