दोन किलोचे सहा किलो

(दृश्य : पहाट. गच्चीवर पसरलेली धुतलेली धोतरं. पातेल्यातून निघणारी वाफ.)

निवेदन :
चैत्र लागला की धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्याकडच्या आमच्या गच्च्या कुरडयांनी पांढऱ्या दिसू लागतात. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं. मग दळून, गाळून चीक काढायचा. तो रात्रभर बसला की वरचं पाणी ओतून द्यायचं आणि पहाटे चीक शिजवायला घ्यायचा. शिजलेल्या चिकाचा घाटा गरम असतानाच सोऱ्यात भरावा लागतो, कारण गार झाला की दाबताना खांदा भरून येतो.

हे हात माझ्या मावशीचे आहेत. कुरडया, बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, काळा मसाला हे सगळं ती आधी घरापुरतं करायची, मग गल्लीपुरतं. तीन वर्षांपासून ती मोबाइलवरून विकते. पुण्याला, सुरतला, बंगळुरूला गेलेली खान्देशी माणसं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी तिला फोन करतात. माल उत्तम, गिऱ्हाईक बांधलेलं, तरी पहिल्या वर्षी हिशोबाला बसलो तेव्हा हातात काहीच उरलं नव्हतं.

पैसे कुठे गेले, ते आम्हाला एका खोक्यात सापडलं.

(दृश्य : बिस्किटांचं रिकामं खोकं. आत चुरगाळलेले वर्तमानपत्राचे कागद, मधे कुरडयांच्या दोन पिशव्या.)

निवेदन :
बंगळुरूची दोन किलो कुरडयांची ऑर्डर होती. कुरडई मोडू नये म्हणून मावशीने किराणा दुकानातून मोठं खोकं आणलं, चहूबाजूंनी कागद कोंबला, वरून चिकटपट्टी मारली. कुरिअरचा दर पहिल्या अर्ध्या किलोला ५० रुपये आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला ४०. दोन किलोचे १७० होतात, तेवढेच तिने गिऱ्हाइकाकडून घेतले.

बिल आलं सहा किलोचं, ५७८ रुपये २० पैसे.

मावशी पावती हातात धरून मला म्हणाली, "दोन किलोना सहा किलो कसा व्हयनात रे भाऊ?"

मीही आधी चिडलो. कुरिअरवाल्याने फसवलं असंच वाटलं. फोन केला, दोन-चार शब्द बोललो. पलीकडच्या मुलाने शांतपणे विचारलं, "खोक्याचं माप काय होतं?" माप आम्ही घेतलंच नव्हतं.

(दृश्य : शिलाई मशीनचा पिवळा टेप खोक्याच्या कडेवर. आकडे जवळून.)

निवेदन :
लांबी ४० सेंटिमीटर, रुंदी ३०, उंची २५. तिन्हींचा गुणाकार ३०,०००. त्याला ५,०००ने भागलं की ६ येतात, म्हणजे सहा किलो. याला आकारमानी वजन म्हणतात. गाडीत जागा कापूसही अडवतो आणि लोखंडही, म्हणून कुरिअरवाले काट्यावरचं वजन आणि हे आकारमानी वजन यांपैकी जे जास्त असेल ते धरतात. ५,००० हा भाजक बराच चालतो. काही कंपन्या वेगळा धरतात, त्यामुळे दर विचारताना भाजकही विचारून घ्यायचा.

सहा किलो म्हणजे अर्ध्या किलोचे बारा टप्पे. पहिल्याचे ५०, उरलेल्या अकरांचे ४४०, मिळून ४९०. त्यावर १८ टक्के जीएसटी ८८ रुपये २० पैसे. बिल एका पैशानेही चुकीचं नव्हतं. दोन किलो माल आणि बाकीची हवा, या दोन्हींचं भाडं आम्ही भरत होतो.

हे इतक्या सविस्तर सांगतो आहे, कारण आमच्याकडून जातं ते सगळं असंच हलकं आणि फुगीर आहे. कुरडई, पापड, बिबडे, रावेर-यावलकडचे केळीचे वेफर्स, सगळ्यांना हा हिशोब लागू पडतो. लोखंडाची पकड विकणाऱ्याला नुसत्या काट्यावर निभावता येईल, आपल्याला नाही.

(दृश्य : कोऱ्या पुठ्ठ्याची लहान खोकी. मावशी कुरडया एकीवर एक बसवते आहे.)

निवेदन :
मग माप बदललं. कुरडई सुकायला घालतानाच थोडी लहान आणि चपटी पाडायची, म्हणजे पिशवीत एकीवर एक बसते. कागद कोंबायचा तो फक्त कोपऱ्यांत. नवं खोकं ३० गुणिले २५ गुणिले २० चं. गुणाकार १५,०००, म्हणजे तीन किलो. त्याच दराने भाडं २५०, जीएसटी धरून २९५. एका पार्सलमागे २८३ रुपये वाचले, आणि कुरडई पहिल्यापेक्षा कमी मोडते, कारण तिला आत हलायला जागाच उरत नाही.

मसाल्याची गोष्ट उलटी. तो वजनाला भारी, जागेला थोडका. तिथे घात करतो तो अर्ध्या किलोचा टप्पा. मावशी अर्धा किलो मसाल्याचं पाकीट करायची. पाकीट, पुठ्ठा, चिकटपट्टी मिळून काटा ५८० ग्रॅम दाखवायचा, म्हणजे भाडं थेट एक किलोचं. आता ती ४०० ग्रॅमचं पाकीट करते. त्यावर ४०० ग्रॅम असंच ठळक लिहिलेलं असतं आणि भावही तेवढ्याचाच. खोक्यासकट ४८० ग्रॅम भरतं. पूर्वी ९० रुपये अधिक जीएसटी जायचा, आता ५० अधिक जीएसटी जातो.

(दृश्य : वहीत लिहिलेले पत्ते. बोट पिनकोडवर थांबतं.)

निवेदन :
वजनानंतर येतं ते अंतर. मावशी आता भाव सांगण्याआधी पिनकोड विचारते. भारतात ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित, आपला मराठी माणूस. पहिला आकडा विभाग सांगतो, आणि चार म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. आपलं धुळं शहर ४२४ मध्ये, जळगाव आणि नंदुरबार शहरं ४२५ मध्ये. चाळीसगाव मात्र जळगाव जिल्ह्यात असूनही ४२४ चं आहे, म्हणून जिल्ह्याचं नाव ऐकून अंदाज बांधायचा नाही.

कुरिअरवाले देशाचे झोन पाडतात : आपलं शहर, आपला भाग, महानगरं, उरलेला देश, आणि ईशान्य भारत नि जम्मू-काश्मीर वेगळे. स्पीड पोस्टाचा दर अंतराच्या टप्प्यांवर चालतो : स्थानिक, २०० किलोमीटरपर्यंत, मग ५००, १,०००, २,००० आणि त्यापुढे. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टातच मिसळलं आहे. आडगावी जिथे कुरिअर पोहोचत नाही तिथे पोस्टमन पोहोचतो, म्हणून दोन्ही दर वहीत हवेत.

सगळ्या देशाला एकच भाडं ठेवा, असा सल्ला पुष्कळ जण देतात. मला तो पटत नाही. त्यात नाशिकचा माणूस गुवाहाटीच्या माणसाचं भाडं भरतो, नाहीतर मावशी भरते. "पोहोच मोफत" म्हणून भाडं मालाच्या भावात घालणंही तितकंच अवघड. एका किलोमागे दीडशे चढवले, तर पाच किलो घेणारा साडेसातशे देतो, आणि प्रत्यक्ष भाडं तेवढं वाढलेलं नसतं. जास्त घेणारं गिऱ्हाईक आपलं सगळ्यात जवळचं, त्यालाच जास्त कापायचं हे मनाला लागतं. मावशी माल आणि भाडं वेगवेगळं सांगते. काही जण घासाघीस करतात, पण खोक्याचं माप सांगितलं की बहुतेकांना पटतं.

(दृश्य : परत आलेलं पार्सल. उघडल्यावर आत कुरडयांचा चुरा.)

निवेदन :
माल हातात पडल्यावर पैसे देणार म्हणणाऱ्यांचा हिशोब निराळा. पैसे गोळा करायचं शुल्क वेगळं लागतं, बहुधा ठरावीक रक्कम किंवा टक्केवारी, जे जास्त असेल ते. आणि दारात कोणी पार्सल घेतलं नाही, तर परतीचं भाडंही विकणाऱ्याच्याच माथी. हा चुरा दोन वेळा अर्धा देश हिंडून आला आहे. त्या दिवशी मावशी जेवली नाही. आता ती भाड्याचे पैसे आगाऊ घेते. मालाचे नंतर दिले तरी चालतील.

(दृश्य : काट्यावर खोकं. शेजारी टेप. भाचीच्या हातात मोबाइल, ती फोटो काढते.)

निवेदन :
पार्सल बंद केल्यावर तीन फोटो : काट्यावरचा आकडा, टेपसकट लांबी-रुंदी, टेपसकट उंची. कुरिअरच्या गोदामात यंत्र पुन्हा मोजतं आणि कधी कधी खोकं फुगलेलं असलं की माप जास्त येतं. हरकत घ्यायला थोडेच दिवस मिळतात, आणि फोटो नसला तर तोंडी सांगणं कोणी ऐकत नाही. गेल्या हंगामात अशा दोन हरकती आम्ही घेतल्या. दोन्हींचे पैसे परत आले.

(दृश्य : संध्याकाळ. गच्चीवरच्या कुरडया सुपात भरल्या जाताहेत. खाली ओट्यावर फोन वाजतो.)

निवेदन :
फोन गुवाहाटीहून आहे. धुळ्याचा मुलगा, तिकडे नोकरीला. चार किलो कुरडया आणि मसाला हवा म्हणतो. मावशी फोन खांद्याला लावते, ओट्यावरचा टेप ओढते आणि रिकाम्या खोक्यावर धरते.

"थांब जरा. पिनकोड सांग आधी."