पन्नीतली तर्री

सकाळचे सात. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावाचा बसथांबा. ठेल्यावर तर्री रटरटते आहे.

"भाऊ, तर्री जास्त टाका जी."

दुकानदार फुंकर मारून पन्नी उघडतो, उकळती तर्री ओततो, रबर लावतो. पन्नी लगेच मऊ पडून लोंबते. "पातळ असली त गळते. मंग दोन लावतो."

त्या मऊ पडलेल्या पन्नीकडे नीट बघा. प्लॅस्टिकच्या लांबलचक साखळ्या सहसा जागा सोडत नाहीत. सुटतात ते मधे मिसळलेले लहान रेणू. कोणी रंगासाठी घातलेला, कोणी प्लॅस्टिक लवकर खराब होऊ नये म्हणून. उष्णतेनं ते हलतात आणि तेलात उतरतात. तर्री गरमही आहे, तेलकटही. आणि जिभेला यातलं काही कळत नाही.

प्रयोगशाळेत कळतं. मसाल्याच्या गर्दीत हे रेणू शोधणं कठीण, म्हणून तिथे अन्नाची सोंगं वापरतात. पाणीदार पदार्थाच्या जागी शुद्ध पाणी, आंबटाच्या जागी ३ टक्के ॲसेटिक आम्ल, तेलकटाच्या जागी हेप्टेन. प्लॅस्टिक त्यात ठेवायचं, काढायचं, द्रव आटवायचा आणि तळाशी उरलेलं तोलायचं. आपल्याकडची मर्यादा अन्नाच्या किलोमागे ६० मिलिग्रॅम.

साध्या तापमानाला साठवणीच्या प्लॅस्टिकची पाण्यातली चाचणी ४० अंशांवर १० दिवस चालते. आमच्या चंद्रपुरात मे महिन्यात सावलीतलाच पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याखालच्या दुकानाचं काय सांगावं!

पण वजनावरून सुटलेल्या रेणूचं नाव कळत नाही. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफ. नमुन्याची वाफ केसासारख्या बारीक, वेटोळं केलेल्या नळीतून जाते. प्रत्येक रेणू आपापल्या वेळी बाहेर पडतो. पुढचं यंत्र तो फोडून तुकड्यांचं वस्तुमान मोजतं. पीव्हीसी नावाचं प्लॅस्टिक मऊ करणाऱ्या बहुतेक थॅलेट्स रसायनांची खूण एकच, १४९ वस्तुमानाचा तुकडा.

ही थॅलेट्स हातमोज्यांत, झाकणांत, हवेतल्या धुळीतही असतात. त्यामुळे इथे भांडी काचेची, आणि आधी नमुन्याशिवाय कोरी चाचणी. कोऱ्या चाचणीतच १४९ दिसला, तर सगळं पुन्हा धुवायचं. मला या माणसांच्या चिकाटीचं फार अप्रूप वाटतं.

ठेल्यावर एक आजोबा सायकलवरून उतरतात. हँडलला कडीचा स्टीलचा डबा. दुकानदार हातातली पन्नी बाजूला ठेवतो आणि झाकण उघडून काठोकाठ तर्री ओततो.