कुर्रर्र म्हणायच्या आधी

बाराव्या दिवशीचं बारसं. आत्या पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र करते, नाव सांगते, मागून बायका तिच्या पाठीत धपाटे घालतायत. नाव आधी कानातच सांगायची आपली पद्धत, पण तो कान ऐकतोय का हे कित्येक घरांत दोन वर्षं कुणी बघतच नाही. थाळी वाजवली, दचकलं, झालं. अहो, थाळीचा हादरा जाणवतो, हलणारा हात दिसतो! मग "त्याचा बाप पण उशिराच बोलला होता" यात आणखी वर्ष जातं.

आता इकडे बघा, सरकारी दवाखाना, बाळंतिणींचा वॉर्ड, दुपारची वेळ. दूध पिऊन बाळ झोपलं की मगच ऐकण्याची टेस्ट करायला ऑडिओलॉजिस्ट मॅडम येतात, कारण चुळबुळ झाली की टेस्ट बिघडते. पंखा बंद, शेजारच्या कॉटवरच्या आजींचा मोबाईल बंद (हे जास्त अवघड). वाटाण्याहून लहान रबरी टोक कानात बसवलं की मशीन बारीक टिकटिक सोडतं आणि आतला कॉक्लिया, म्हणजे शंखासारखा भाग, ठीक असेल तर तोच हलकासा आवाज परत पाठवतो. हो, कान पण आवाज करतो, लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये हे दाखवून दिलं, त्यावरच ही ओएई टेस्ट उभी आहे. सुई नाही, दुखणं नाही, काही मिनिटांचं काम.

स्क्रीनवर "रेफर" आलं. रेफर म्हणजे बहिरं नव्हे, पहिल्या दिवशी कानात जन्माचा चिकट थर असला तरी येतं. पण परत यायचं असतं, आणि गळती इथेच होते. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) राहिलेल्या बाळाची बेरा, म्हणजे आवाज नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी टेस्ट, पण करायची, नसेत दोष असेल तर ओएई पास दाखवू शकते. महिन्याच्या आत स्क्रीनिंग, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. उशीर झाला की भाषा मागे, शाळा मागे.

हे बाळ पाच महिन्यांचं, निदान झालंय, आता ऐकायच्या मशीनसाठी कानाचं माप घ्यायचं. आधी कानात दोरा बांधलेला स्पंजचा तुकडा, मग सिरिंजमधून मऊ लगदा, काही मिनिटांत घट्ट होतो आणि चिंचोक्याएवढा साचा बाहेर येतो, कानाची वळणंन् वळणं त्यात. यावरून मोल्ड, म्हणजे मशीनचा कानात बसणारा तुकडा, बनतो. बाळाचा कान वाढतो, मोल्ड सैल झाला की मशीन शिट्टी मारतं, म्हणजे परत एसटी, परत साचा. व्हायरल होतात ते इम्प्लांटचे, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायच्या यंत्राचे, व्हिडिओ, ही एसटी कुणी दाखवत नाही, म्हणून आम्ही दाखवतोय.

२०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, जन्मजात बहिरेपण त्याच्या यादीत आहे. मग डिस्चार्ज कार्डावर बीसीजी-पोलिओच्या खाली कानाची पण एक ओळ का नको?

थेरपिस्टने आईला सांगितलंय, जे करशील ते बोलत कर. ती भेंडी चिरतेय, बाळ मांडीशी.

"ही बघ भेंडी. धुतली. पुसली. आता चिरते हं, खट, खट..."