नाक्फाच्या खंदकातल्या तेगादालित

[दृश्य: साहेलचे उघडेबोडके डोंगर, पहाट]

ईशान्य आफ्रिकेतल्या इरिट्रियाच्या उत्तरेला साहेलचे डोंगर. झाडं कमी, पाणी त्याहून कमी. इथिओपियापासून स्वातंत्र्यासाठी लढणारी इरिट्रियन पीपल्स लिबरेशन फ्रंट, म्हणजे ईपीएलएफ, 1978 मध्ये जिंकलेली शहरं इथिओपियाच्या फौजेपुढे सोडून इथे मागे सरली. नाक्फा गावाभोवती त्यांनी दगड रचून खंदक बांधले आणि 1988 पर्यंत ते धरून ठेवले. त्या खंदकांत बायका होत्या, त्याही मोठ्या संख्येनं. युद्धाच्या अखेरीस एकूण लढवय्यांपैकी 30 टक्क्यांच्या आसपास. इथल्या तिग्रिन्या भाषेत अशा लढवय्या बाईला तेगादालित म्हणतात.

संघटनेत बायकांना घ्यायला सुरुवात झाली ती 1973 च्या सुमारास. कुणी राजधानी अस्मारामधल्या गुप्त गटांतून आल्या, कुणी घरच्यांनी ठरवलेलं लग्न टाळून. वयानं लहान असतील त्यांना आघाडीवर न पाठवता 'क्रांती शाळे'त धाडत. बाकीच्यांचं प्रशिक्षण सुमारे सहा महिने: बंदूक, रात्रीची चाल, आणि रोज राजकारणाचा तास. निरक्षर असलीस तर अक्षरओळखही तिथेच. दोन हल्ल्यांच्या मधल्या शांततेत खंदकातच वर्ग भरत.

[दृश्य: प्लास्टिकच्या काळ्या सँडल, जवळून]

ही शिदा. अख्खी साच्यातून काढलेली, प्लास्टिकची. चामड्याचा बूट भिजला की जड होतो, फाटला की मोची लागतो. शिदाचा पट्टा तुटला तर सुरी विस्तवावर तापवायची, तुटलेल्या दोन्ही कडा वितळवायच्या आणि थंड होईपर्यंत दाबून धरायच्या. फार तापवलं तर प्लास्टिक पातळ होतं आणि पुढच्या चढावर पट्टा तिथेच तुटतो. सँडलइतकीच कामाची नेत्सेला, सुती चादर. रात्री पांघरूण, दिवसा डोक्यावर सावली, वेळ आली तर जखमेची पट्टी, नाहीतर जखमीला उचलायची झोळी.

स्वयंपाक पाळीनं, पुरुषांसकट. त्यातली खरी अडचण धुराची. दिवसा मिग विमानं घिरट्या घालत आणि धुराची एक रेघ दिसली तरी बॉम्ब पडे. म्हणून चूल जमिनीत खणायची, धुराला दगडमातीनं झाकलेला लांब चर ठेवायचा. धूर मातीतून झिरपत विरून जातो. ट्रकही रात्रीच, दिवे बंद करून.

आता ज्या गोष्टीबद्दल युद्धकथा सहसा गप्प बसतात, ती मासिक पाळी. सुरुवातीच्या वर्षांत हाती येईल ती चिंधी. पण चिंधी धुवायला पाणी हवं आणि वाळवायला ऊन. पाणी मोजून मिळणारं. आणि वरून दिसेल असं कापड उन्हात पसरायची सोय नाही. अर्धवट सुकलेलं कापड पुन्हा वापरलं की संसर्ग ठरलेला. पुढे ओरोट्टाच्या पिछाडीच्या तळावर सॅनिटरी पॅड बनवायचं यंत्रच बसवलं गेलं. आमच्या मते संघटनेनं समतेवर काढलेल्या सगळ्या पत्रकांपेक्षा हे एक यंत्र जास्त बोलकं आहे.

[दृश्य: डोंगराच्या पोटात दडवलेलं ओरोट्टाचं रुग्णालय]

ओरोट्टा म्हणजे दरीभर विखुरलेलं रुग्णालय. काही खोल्या डोंगरात खणलेल्या, काही मालवाहू कंटेनरमध्ये. गोळ्या इथेच तयार होत, सलाईनही. त्यामागचा हिशेब साधा आहे: सलाईनमध्ये जवळजवळ सगळं पाणीच, मग त्या वजनाच्या बाटल्या सुदानमार्गे कशाला वाहायच्या? पण पाणी पुरतं शुद्ध झालं नाही तर सलाईन लावताच रुग्णाला हुडहुडी भरून ताप चढतो, म्हणून सगळी काळजी त्या शुद्धीकरणातच. परिचारिका, तंत्रज्ञ, अनवाणी डॉक्टर (म्हणजे थोडक्यात प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका) म्हणून इथे बायका होत्या. कार्यशाळांत मेकॅनिक आणि ट्रकवर चालकसुद्धा.

आधी लढवय्यांना शरीरसंबंधांची बंदी होती. 1977 च्या विवाह कायद्यानं ती उठवून लग्नाची मुभा दिली. बालविवाह, हुंडा, बहुपत्नीत्व बंद. लग्नानंतर जोडपं आपापल्या तुकडीत परत. दिवस राहिले की बाई पिछाडीच्या तळावर येई. बाळ काही महिन्यांचं झालं की पाळणाघरात, आणि ती पुन्हा कामावर. मूल सांभाळणं, रांधणं, औषधपाणी हे सगळं संघटनेनं अंगावर घेतलं होतं, म्हणून हे चाललं. तरीही सर्वोच्च राजकीय मंडळात एकही बाई नव्हती.

[दृश्य: अस्मारा, 24 मे 1991. रस्त्यावर उसळलेली गर्दी]

अस्मारा मुक्त झालं. 1993 मध्ये सार्वमत, मग स्वातंत्र्य, आणि सैन्यकपात. पाळणाघर गेलं, सामाईक चूल गेली. सासरच्यांना हवी होती पदर सांभाळणारी सून. समोर उभी होती ट्रक दुरुस्त करणारी. कित्येक लग्नं मोडली, नवऱ्यांनी घरच्यांच्या पसंतीच्या मुली केल्या. मेकॅनिकला गॅरेजमध्ये काम मिळेना. 1994 च्या जमीन कायद्यानं बायकांना समान हक्क दिला खरा, पण नांगर धरायला बाईनं पुढे यावं हे गावाच्या पचनी पडायला वेळ लागला.

1995 च्या कायद्यानं राष्ट्रीय सेवा मुलामुलींना सक्तीची आहे. कागदावर 18 महिने. 1998 मध्ये इथिओपियाशी पेटलेल्या सीमायुद्धानंतर तिला मुदतच उरली नाही. लग्न झालेल्या आणि मुलं असलेल्या बायकांना व्यवहारात सहसा सूट मिळते. त्यामुळे सेवा टाळण्यासाठी अनेक मुली शाळा सोडून लवकर लग्न करतात.